घसरगुंडीच्या खालची धार

माझा जबडा अकरा दिवस बंद होता. लातुरात मला ओळखणारे लोक अजून म्हणतात, की ते अकरा दिवस सगळ्या गल्लीला फार शांत गेले. बोलायला मी तसा कमी नाही. त्यामुळे हे लिहिताना थोडं पाल्हाळ झालं तर समजून घ्या; तेव्हाचं साठलेलं बोलणं अजून पुरतं बाहेर आलेलं नाही.

मला धनुर्वात झाला होता. तो कोणत्या जंतूने होतो, अंगात काय करतो, हे डॉक्टर माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. मी पत्रा वाकवणारा आणि लोखंड जोडणारा माणूस. मी लिहितोय ते दोन प्रकारच्या लोकांसाठी. एक, ज्यांच्या घरातलं माणूस आज अशा अंधाऱ्या खोलीत पडलंय आणि जे बाहेर पायरीवर बसून आहेत. त्यांना सांगायचंय की तिथून माणूस परत येऊ शकतो, मी आलोय. दुसरे, जे लेकरांसाठी घसरगुंड्या आणि झोके बनवतात. त्यांना काय सांगायचंय, त्यासाठी मला आधी माझी लाज सांगावी लागेल.

खालून कोण बघतंय

लातूर नवा जिल्हा झाल्याला थोडीच वर्षं झाली होती. कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांमागून साहेबलोक आले, आणि त्यांच्या एका नव्या वसाहतीत लेकरांसाठी बाग करायचं ठरलं. घसरगुंडी, दोन झोके आणि एक सी-सॉ असं काम माझ्या वर्कशॉपला मिळालं. वर्कशॉप माझं आणि हनीफभाईंचं, भागीदारीत. हनीफभाई वेल्डिंगचे उस्ताद, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. शेड माझी, हात त्यांचा, आणि गिऱ्हाइकाशी तोंड चालवायचं काम माझं.

पावसाने लागोपाठ दोन वर्षं दगा दिला होता. बागेत गवत लावायला पाणी कुठून आणणार? म्हणून मुरूम टाकून रोलरने घट्ट दाबून घेतला होता. कधीतरी पाणी येईल या आशेवर एका कडेला शेणखताचा ढीग तेवढा आणून ठेवला होता.

आता घसरगुंडीचं जरा समजून घ्या. तिच्या दोन्ही बाजूंना कठडा असतो. पत्रा वर उचलायचा आणि त्याची कड बाहेरच्या अंगाला खाली मुडपायची. वरून ती गोल, गुळगुळीत दिसते. पत्रा जिथे कापला ती धार खाली लपून राहते. काम पास करायला येणारा ओव्हरसियर वरून तळहात फिरवायचा, मान डोलवायचा आणि सही करायचा. आमच्या सगळ्या धंद्याला तीच सवय लागली होती. जिथे साहेबाचा हात फिरणार तिथे घासायचं, बाकी रंगात जातं.

त्या दिवशी संध्याकाळी मी घसरगुंडीखाली उताणा पडून शेवटचा बोल्ट आवळत होतो. उठताना आधार म्हणून कठड्याला खालून चार बोटं अडकवली आणि अंग ओढलं. बोटांच्या मुळाशी तळहात आडवा फाटला. तोल गेला आणि तोच हात शेजारच्या शेणखताच्या ढिगात टेकला.

हनीफभाईंनी बघितलं. म्हणाले, "बसवराजभाऊ, खालून घासून घेऊ. लेकरं अशीच धरतेत, खालून बोटं घालून."

"लाइट कुठंय हनीफभाई? ग्राइंडर काय तोंडानं फिरवू?"

"कानस कू लाइट कायकू होना?"

त्यांचं बरोबर होतं. कानस माझ्या पिशवीतच होती. पण दोन्ही कठडे हाताने घासायचे म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम, हात ठणकत होता आणि सकाळी ओव्हरसियर येणार होता. मी म्हणालो, "तुम्ही जा घरला, मी मारतो कानस." ते गेले. मी जखमेवर रॉकेल ओतलं, चिंधी बांधली, घसरगुंडीकडे बघितलं आणि स्वतःलाच म्हणालो, खालून कोण बघतंय?

दुसऱ्या दिवशी ओव्हरसियरने वरून हात फिरवून सही केली. रंगाऱ्याने लाल रंग मारला. बागेला उद्घाटनापर्यंत कुलूप लागलं. हनीफभाईंनी विचारलं, "मारी क्या कानस?" मी म्हणालो, "मारली."

आणि हेही सांगून टाकतो. मी वसाहतीच्या कमिटीला मोठ्या ऐटीत अट घातली होती, की उद्घाटनाच्या दिवशी घसरगुंडीवरून पहिली माझी लेक घसरणार. शिवलीला तेव्हा सहा वर्षांची होती.

भाकरी तुटेना

हनीफभाई रोज म्हणत होते, धनुर्वाताची सुई घेऊन या. मी रोज उद्यावर ढकलत होतो. मला सुईची भीती वाटते. दोन मणाचा अँगल खांद्यावर घेणारा माणूस मी, पण सुई बघितली की पळायला दार शोधतो. हे माझ्या बायकोला, महानंदाला, लग्नाआधी कोणी सांगितलं नव्हतं.

आठव्या दिवशी सकाळी भाकरीचा तुकडा तोंडात घातला आणि दात एकमेकांवर दाबताना कानाखाली कळ आली. वाटलं दाढ धरली. दुपारपर्यंत वरच्या-खालच्या दातांमधून बोटसुद्धा जाईना. मान मागे ओढल्यासारखी झाली. महानंदा हसत म्हणाली, "आज लई गप गप हाव. बरं वाटायलंय घराला." मी हसायला गेलो तर चेहरा भलताच ताणला गेला, आणि तिचं हसणं थांबलं.

गल्लीतल्या डॉक्टरांनी तोंड उघडायला सांगितलं. मग विचारलं, "एवढ्यात काही लागलं होतं का?" मी चिंधी सोडून हात पुढे केला. त्यांनी हाताकडे बघितलं आणि खुर्ची माझ्याकडून महानंदाकडे वळवली. डॉक्टर आपल्याऐवजी आपल्या माणसाशी बोलायला लागला की काय समजायचं ते समजतं. ते हळू आवाजात म्हणाले, "आत्ताच्या आत्ता नांदेडला मोठ्या दवाखान्यात न्या. वाटेत आवाज होऊ देऊ नका. झटके सुरू होतील."

मी घाबरलो, चांगलाच घाबरलो. चौतीस वर्षांचा होतो आणि मरायची काहीच तयारी नव्हती.

हॉर्नशिवाय जीप

लातूरहून नांदेड जीपने चार तासांच्या पुढे. मागच्या बाकावर गाद्या टाकून मला निजवलं, कानात कापूस कोंबला, ताडपत्री सोडली. महानंदाने ड्रायव्हरला हात जोडून सांगितलं, "भाऊ, हॉर्न वाजवू नका."

आमच्याकडच्या जीप ड्रायव्हरला हॉर्न वाजवू नको म्हणणं म्हणजे श्वास घेऊ नको म्हणण्यासारखं. पण तो भला माणूस अहमदपूर, लोहा करत नांदेडपर्यंत हॉर्नला हात न लावता गेला. त्याच्या शेजारी हनीफभाई बसले होते. समोर बैलगाडी आली की ते कमरेपर्यंत बाहेर वाकून, तोंडातून आवाज न काढता, दोन्ही हात हलवून तिला बाजूला घालवत होते. रस्त्यावरच्या लोकांना वाटलं असेल, ह्या म्हाताऱ्याला वेड लागलंय. लोह्याच्या अलीकडे एका खड्ड्यात जीप आदळली आणि मला पहिला मोठा झटका आला. कमान होऊन अंग फक्त टाचा आणि डोकं यांच्यावर उरलं. ह्या रोगाचं नाव धनुष्यावरून का पडलंय, ते मला त्या खड्ड्यात कळलं.

खोली

दवाखान्यात धनुर्वाताची खोली वेगळी होती. खिडक्यांना काळे पडदे, दिवा बंद, दाराच्या चौकटीला कापसाची पट्टी चिकटवलेली. उजेड किंवा आवाज झाला की झटका येतो, म्हणून ही व्यवस्था. नाकातून नळी घातली. सुया किती टोचल्या ते मोजायचं मी पहिल्याच दिवशी सोडून दिलं. एक सुई टाळली होती, तिचा सगळा हिशोब तिथे चुकता झाला.

झटक्यांबद्दल फार लिहीत नाही. एवढंच सांगतो, की झटक्यात शुद्ध जात नाही. सगळं कळतं. ज्यांचं माणूस आत आहे त्यांनी हे लक्षात ठेवा: त्याला ऐकू येतंय. त्याच्या उशाला बसून रडू नका, आणि ‘आता काही खरं नाही’ असं तर कुजबुजूसुद्धा नका. माझ्या एका चुलत्याने तसं केलं होतं. बरा झाल्यावर मी त्यांना त्यांचंच वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं, तेव्हापासून ते माझ्याशी जरा जपून बोलतात.

त्या खोलीची मालकीण म्हणजे लक्ष्मी सिस्टर, देगलूरकडची. पन्नाशीची बाई, दारात चपला काढून अनवाणी आत यायची, फरशीवर पाय वाजू नये म्हणून. तिच्या स्टीलच्या ट्रेच्या चारी कडांना तिने बँडेज गुंडाळून शिवून टाकलं होतं. चुकून तो खाटेला लागला तरी खण् होत नसे. वॉर्डातल्या बाकीच्या सिस्टर तिला हसायच्या. ती म्हणायची, "अय्यो, पेशंटला हसायला येऊ दे, मग मी बी हसते."

आम्ही लिंगायत, आमच्या घरात गळ्यातलं इष्टलिंग अंगावेगळं करत नाहीत. ते दोऱ्यात गळ्याशी असतं आणि त्याची पूजा झाल्याशिवाय आम्ही पाणीही पीत नाही. खोलीतल्या पहिल्याच झटक्यात दोरा गळ्याला काचला. लक्ष्मी सिस्टरने कात्री आणली आणि महानंदा आडवी आली. दोघी त्या अंधारात पुटपुटत भांडल्या. मोठ्याने भांडायची सोय नव्हती, त्यामुळे भांडण लवकर मिटलं. गळ्यातला दोरा काढला आणि लिंग माझ्या दंडाला बांधलं. रोज सकाळी महानंदा तिथेच विभूती लावायची, डोळे मिटायची आणि मग टँकरच्या रांगेत घागर घेऊन जायची. दुष्काळात दवाखान्यालाही पाणी मापून होतं. ती घागर ठेवतानासुद्धा खाली फडकं घालून ठेवायची.

लाल फ्रॉक

चार-पाच दिवसांनी झटके थोडे लांबले. महानंदा माझ्या कानाशी तोंड नेऊन घरच्या गोष्टी सांगू लागली, जीव रमावा म्हणून. एका दुपारी म्हणाली, "हनीफभाई कापडं घेऊन आले होते. शिवलीलेला लाल फ्रॉक शिवलाय माझ्या आईनं, तिच्यापाशीच हाय ती. सोमवारी उद्घाटन हाय. कमिटीवाले घरी येऊन गेले, मनले तीच पयली बसणार घसरगुंडीवर."

मला इतका मोठा झटका आला, की लक्ष्मी सिस्टरने तिला बाहेर काढलं.

त्या धारेची गोष्ट जगात एकट्या मला माहीत होती. हनीफभाईंना मी खोटं सांगितलं होतं. ओव्हरसियरला खाली हात घालायची सवय नव्हती. माझी लेक लाल फ्रॉक घालून वर बसणार, खाली बघून भिणार आणि कठडा खालून घट्ट धरून घसरणार. तिच्यामागून वसाहतीतली सगळी लेकरं तसंच करणार. आणि मी, अख्ख्या लातुरात तोंडाळ म्हणून प्रसिद्ध, माझे दात एकमेकांत रुतून बसलेले.

बोलायचा प्रयत्न केला की झटका यायचा, आणि झटक्यामागून झोपेची सुई. जागा झालो की आज कोणता वार, हे कळायला काही मार्ग नव्हता. धनुर्वातात हात बाकी अंगासारखे आखडत नाहीत, एवढं नशीब. पण उजवा हात जखमेच्या जाड पट्टीत होता. डाव्या हाताने अंधारात कागदावर घसरगुंडी काढली. महानंदाने कागद बाहेर उजेडात नेला आणि परत येऊन विचारलं, "नांगर कामून काढलाव? शेत तर न्हाई आपल्याला." लक्ष्मी सिस्टरला ती शिडी वाटली आणि मी स्वर्गाच्या गोष्टी करतोय असं समजून तिने माझ्या कपाळावर हात ठेवला. एरवी मी हसलो असतो.

मग सुचलं. माझी खाट लोखंडी होती, कडेला अँगल. मी महानंदाचा हात धरला. तिचे वडील सायकल दुरुस्तीचं दुकान चालवायचे. ती लहानपणापासून त्यांच्या हाताखाली टायर उतरवत वाढली. लोखंड हाताने ओळखणारी बाई. मी तिची चार बोटं त्या अँगलच्या खालून अडकवली, हळूच ओढली आणि मग माझा पट्टीतला तळहात तिच्या छातीशी टेकवला. पुन्हा बोटं खाली. पुन्हा तळहात.

तिने मग स्वतःच एकदा खालून बोट फिरवलं.

"घसरगुंडीला खालून धार हाय?"

मी डोळे मिटून उघडले.

"तुमाला म्हाईत होतं?"

अंधारात तिच्या तोंडावर काय आहे ते कळत नव्हतं, आणि माझे डोळे दिसावेत म्हणून ती अगदी जवळ आली होती. खोटं बोलायची ती शेवटची संधी होती. मी पुन्हा डोळे मिटले आणि उघडले. त्या आजारात एवढ्या सुया टोचल्या, पण तिचा हात माझ्या हातातून निघून गेला ते जास्त लागलं. मला तिच्यापुढे इतकं लहान कधीच वाटलं नव्हतं.

ती एवढंच म्हणाली, "आज शनवार हाय."

सायकलची ट्यूब

पुढचं मी बघितलेलं नाही, पण हनीफभाईंनी ते मला इतक्या वेळा सांगितलंय की डोळ्यांसमोर दिसतं.

महानंदाने नांदेडजवळच्या विष्णुपुरीहून आपल्या बहिणीला बोलावून माझ्याजवळ बसवलं आणि रविवारी पहाटेच्या एस.टी.ने लातूर गाठलं. आधी हनीफभाईंकडे गेली आणि सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग कानस घेऊन उठले. पण बागेला कुलूप, किल्ली कमिटीवाल्यांकडे, आणि ते पाहुण्यांच्या तयारीत. कमिटीवाले म्हणाले, सगळं रंगवून, फुलं लावून झालंय, आता घासाघाशी नको. फार तर उद्या पाहुणे यायच्या तासभर आधी कुलूप काढू. तासाभरात दोन्ही कठडे हाताने घासून होत नाहीत.

महानंदाला तेव्हा लक्ष्मी सिस्टरचा ट्रे आठवला, कडांना बँडेज शिवलेला. ती तडक माहेरच्या दुकानात गेली, जुन्या सायकलच्या ट्यूबा काढल्या, हवा भरायचे व्हॉल्व्ह कापून टाकले आणि कात्रीने लांबीत चिरल्या. सोमवारी कुलूप उघडल्याबरोबर ती आणि हनीफभाई घसरगुंडीखाली शिरले. ट्यूब धारेवर खालून चढवायची, आतून पंक्चरचं सोल्युशन लावायचं, दाबून धरायचं. वरून लालभडक घसरगुंडी आणि तिच्या दोन्ही कडांना काळं रबर, ठिगळं लावल्यासारखं.

ओव्हरसियर आला तो ओरडतच. "हे काय सुतक लावलंय? पाहुणे येऊन राहिलेत! काढा आधी!"

एका कठड्याचं वीतभर टोक अजून उघडं होतं. महानंदा पदराने घाम पुसत म्हणाली, "काढते की. आधी हितं खालून हात लावून बगा, साहेब. जपून."

त्याने बोटं घातली आणि चटकन मागे घेतली. आपल्या बोटांकडे बघितलं. रक्त आलं नव्हतं, पण धार लागली होती. मग खिशातला रुमाल काढून त्या उघड्या टोकाला स्वतः बांधला आणि म्हणाला, "आटपा लवकर."

शिवलीला पहिली घसरली. तिने कठडा कसा धरला, हे मी हनीफभाईंना विचारलं. ते म्हणाले, "खालून. चारो उंगलियाँ."

पहिला शब्द

मंगळवारी महानंदा परत आली. शिवलीलेचे दोन्ही तळहात तिने कागदावर ठेवून पेन्सिलने गिरवून आणले होते. तो कागद माझ्या डाव्या हातात दिला आणि कानाशी म्हणाली, "काई लागलं न्हाई. कुनालाच न्हाई." पण माझ्याजवळ बसली नाही. स्टूल भिंतीशी ओढून तिथे बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जबडा बोटभर उघडला. लक्ष्मी सिस्टरला एवढा आनंद झाला, की ती चपला घालूनच आत आली. माझा पहिला शब्द देवाचा असेल अशी तिची अपेक्षा असावी. मी महानंदाकडे बघून, दातांतून हवा गळत, म्हणालो, "चुकलं."

ती म्हणाली, "म्हाईत हाय मला." मग उठली, वरणाचं पाणी वाटीत घेतलं आणि चमचा माझ्या तोंडाला लावला. "प्या आता. बोलू नका."

हनीफभाई आठवड्याने आले. त्यांची नजर मला सहन होईना. म्हणाले, "झूट बोलते वखत तो जबडा अच्छा खुला था." नंतर माझे पाय चेपत बसले, तासभर. मी नको नको म्हणत होतो, ते ऐकत नव्हते.

सुटी देताना डॉक्टरांनी बजावलं, की हा रोग एकदा झाला म्हणून पुन्हा होत नाही असं नाही, सुया घ्याव्याच लागतील. मी न बोलता बाही वर केली. महानंदाने ते सगळ्या नातेवाइकांना सांगितलं.

वाळूत पडलो

महिना-सव्वा महिन्याने सुटलो, पण पाय माझे राहिले नव्हते. लातूरचा प्रवास झेपणार नाही म्हणून विष्णुपुरीला मेहुणीकडे राहिलो. रोज सकाळी महानंदा मला नदीकडे चालवायची. तिथल्या धरणाच्या खालच्या अंगाला त्या वर्षी गोदावरी नुसती वाळूच होती. लोक वाळूत झरे उकरून वाटीवाटीने पाणी भरायचे.

एके दिवशी काठाच्या दरडीवर माझा पाय मुडपला आणि मी पुरुषभर उंचीवरून खाली गेलो. महानंदा किंचाळली. मी वाळूत पडलो होतो, आडवा. हात हलवून बघितले, पाय हलवून बघितले. काहीच झालं नव्हतं. नाकात वाळू गेली तेवढीच.

मी तिथेच पडून राहिलो आणि मनात मोजलं. ही दरड आणि माझी घसरगुंडी, उंची साधारण सारखीच. माझ्यासारखं हाडांचं गाठोडं इथे पडून शाबूत राहतं, आणि मी लेकरांना रोलरने दाबलेल्या मुरमावर पाडायला निघालो होतो.

मी उठलो, वर चढलो आणि मुद्दाम पुन्हा पडलो.

"अवो! डोस्कं फिरलं का काय?" महानंदा धावत आली.

"उतरून ये. तू पण पडून बघ."

"मी कामून पडू? घरी चला गुमान." पण दुसऱ्या दिवशी तीच विचारत होती, किती खोल वाळू लागेल. आम्ही काठीने मोजलं. हातभर खोल असली की टाच तळाला लागत नव्हती.

जळकोट

लातूरला गेल्यावर पहिलं काम वसाहतीच्या बागेतलं. रबर काढून दोन्ही कठडे कानशीने घासले, मी आणि हनीफभाईंनी, लाइट असताना. धार आत वळवून गोल केली. कमिटीला गवत हवं होतं. मी म्हणालो, प्यायला पाणी नाही तिथे गवत कुठलं. दुष्काळाने एक गोष्ट भरपूर दिलीय, मांजरा नदीची वाळू, ती घाला. ओव्हरसियरने माझी बाजू घेतली. हे मला अनपेक्षित होतं.

मग मी लेकरांकडे बघायला शिकलो. एवढी वर्षं लोखंडाकडे बघत होतो. तोंड पश्चिमेला असलेल्या घसरगुंडीचा पत्रा चार वाजता तव्यासारखा तापतो, म्हणून तोंड उत्तरेला केलं आणि जमेल तिथे कडुलिंबाच्या सावलीत घेतली. झोक्याची लाकडी फळी मागून येऊन लेकराच्या कपाळाला लागते, तिथे ट्रकच्या टायरचा तुकडा टांगला. शिडीच्या दांड्यांमध्ये डोकं आत जाईल पण बाहेर निघणार नाही अशी फट असायची. ती मी शिवलीलेच्या डोक्याच्या मापाने बदलली. दर खेपेला तिला लिमलेटची गोळी द्यावी लागायची. हनीफभाई म्हणायचे, "मियाँ, बीमारी तुमकू हुई, पसीना हमारा." पण कानस आता तेच आधी उचलायचे.

पुढच्या उन्हाळ्यात जळकोटला एका शाळेचं काम केलं. तेव्हा जळकोटला जायचं म्हणजे अर्धा दिवस धुळीत, तरी महानंदा सोबत आली होती. पाहायला तोच ओव्हरसियर होता. पांढराशुभ्र शर्ट घालून आला. मी म्हणणार होतो, साहेब, खालून. माझं तोंड उघडायच्या आत त्याने बाह्या दुमडल्या, वाकला आणि कठड्याला खालून बोटं लावून सावकाश वरपासून खालपर्यंत चालत गेला. माझ्याकडे बघितलंही नाही. सही केली.

तो गेला, तरी मी राहिलो. मुख्याध्यापकांनी पोरं सोडली होती आणि वर चढायला झुंबड उडाली होती. मी घसरगुंडीखाली शिरलो, वाळूत उताणा पडलो आणि डोळे मिटले. व्रण असलेला हात कठड्याच्या खालून पूर्ण लांबीभर फिरवला, आधी उजवीकडून, मग डावीकडून. मध्ये मध्ये वरून लहान बोटं खाली यायची, पत्र्याला धरायची, माझ्या बोटांना लागायची आणि पुढे निघून जायची.

वर पत्रा दणाणत होता. प्रत्येक पोर घसरलं की कानाशी ढोल वाजल्यासारखा आवाज व्हायचा, वर किंकाळ्या, हसणं, शिट्ट्या. असल्या एका आवाजाने वर्षापूर्वी माझी कमान झाली असती. माझं अंग वाळूवर सपाट पडलं होतं, टाचांपासून डोक्यापर्यंत, अगदी गप्प.

तळहात डोळ्यांपुढे धरून बघितला. कोरडा होता.

"झालं का बगून?" बाहेरून महानंदाचा आवाज आला. "निगा आता. तुमच्या पायामुळं पोरं खाली उतरंनात."

मी पाय आत ओढून घेतले आणि म्हणालो, "अजून एकदा फिरवतो."